श्रीचक्रधरांचे चरित्र लिहिताना

चरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीत इंग्रजी विद्येबरोबर आला, असे वर्गात सांगण्याची पद्धत पडली आहे. विधान सोयीचे आहे, खरे मात्र नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हाच मुळी एक चरित्रग्रंथ आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचे मानले जाते. 'ज्ञानेश्वरी' त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा झालेल्या सभासमारंभांत 'लीळाचरित्रा'चे नाव वारंवार घेतले गेले. परंतु नाव घेणे निराळे आणि ग्रंथ वाचणे निराळे. आमच्या अनुभवास असे येते की, मराठीच्या अध्यापकांपैकीही बहुतेकांचा ह्या ग्रंथाशी परिचय पाठ्यपुस्तकात निवडलेल्या दोन-चार लीळांपुरताच असतो. आणि निवडलेल्या लीळा नेहमी निरुपद्रवी असतात.

ह्या लेखात आम्हांला ग्रंथाचा परिचय करून द्यावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो एका अडचणीचा. ज्या पुरुषास त्याचे अनुयायी साक्षात् परमेश्वर मानतात, ज्यास त्याच्या काळच्या धर्माधिकाऱ्यांनी दोषी ठरविले, आणि ज्याचा पंथ आजही जिवंत आहे, अशा पुरुषाचे चरित्र लिहावयाचे कसे? हा प्रश्न आजचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो म्हाइंभटांपुढेही होता, आणि त्यांनी त्याला दिलेले उत्तर आमच्या मते पुढील बहुतेक चरित्रकारांच्या उत्तराहून अधिक प्रामाणिक आहे.

अडचणीचा आरंभ भाषेपासूनच होतो. मराठीत 'मानभावी' हा शब्द आपण सहज वापरतो: वरून गोड, आतून कपटी. हा शब्द 'महानुभाव' ह्या पंथनामाच्या 'मानभाव' ह्या रूपावरून आला, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. बोलणारास ते क्वचितच ठाऊक असते. संतवाङ्मयात मानभावांवर टीका आढळते, पेशवाईत त्यांच्याविरुद्ध निर्णय झाले, आणि ह्या साऱ्या द्वेषाचा गाळ शेवटी एका विशेषणात साठून राहिला. श्रीचक्रधरांचा चरित्रकार ज्या भाषेत लिहितो, त्या भाषेने त्यांच्या अनुयायांविषयीचा निवाडा आधीच देऊन ठेवला आहे. इतर कोणत्या मराठी चरित्रनायकाच्या वाट्यास हे भाग्य आले असेल असे आम्हांस वाटत नाही. जन्माची तिथी, मातापिता, शिक्षण अशी नेहमीची वाट धरून निघालेल्या लेखकाचा पाय येथे पहिल्याच पावलाला अडखळतो.

जन्माच्या तिथीचेच पाहा. परंपरा सांगते की, गुजरातेत भडोच येथे विशाळदेव नामक प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव हा तारुण्यातच मृत्यू पावला. त्याचा देह स्मशानात नेला असता द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी त्या देहात प्रवेश केला, आणि प्रेत समजून नेलेला पुरुष उठून बसला. मग श्रीचक्रधरांचा जन्म कोणता? काही ग्रंथांत ११९४ हे वर्ष दिलेले आढळते, काहींत १२२१. महाराष्ट्रात २०२१ साली जी अष्टशताब्दी झाली ती दुसऱ्या वर्षास धरून. एरवी आपण अशा भेदाला लेखनिकाचा प्रमाद किंवा गणिताचा घोटाळा म्हणून मोकळे होतो. येथे तसे होता येत नाही. देह कधी जन्मला हा एक प्रश्न, आणि अवतार कधी झाला हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले की चरित्र पहिल्याच ओळीत पक्षपाती होते. 'हरिपाळ मूर्च्छेतून जागा झाला असावा' असे लिहिणारा बुद्धिवादी आणि 'चांगदेव राउळांनी देह धारण केला' असे लिहिणारा श्रद्धावान, दोघेही जे कोणी पाहिले नाही त्याविषयी निःशंकपणे बोलत असतात.

त्यापुढील भाग तर ह्याहून अवघड आहे. सारीपाटाच्या नादाने ऋण झालेला प्रधानपुत्र, आपले अलंकार द्यावयास नकार देणारी पत्नी कमळाइसा, रामयात्रेच्या निमित्ताने घर सोडणे, वऱ्हाडात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन, आणि नंतर कित्येक वर्षांचे एकाकी भ्रमण: 'लीळाचरित्रा'च्या 'एकांक' ह्या पहिल्या विभागाचा हा विषय. त्या काळात स्वामींजवळ सतत राहणारा कोणी शिष्य नव्हता. मग हे सर्व कळले कोणाकडून? स्वामींनी पुढे प्रसंगोपात्त शिष्यांस जे सांगितले त्यावरून. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही चरित्रनायक स्वतः. आधुनिक न्यायाने पाहता ही आत्मकथनाची साक्ष झाली, आणि आत्मकथनाला जेवढे प्रमाण मानावे तेवढेच हिला मानता येईल. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पंथप्रवर्तक आपल्या पूर्वायुष्याविषयी बोलतो तेव्हा बहुधा ते उजळून सांगतो. येथे द्यूत आहे, ऋण आहे, घरातला बेबनाव आहे. आणि ऐकणाऱ्या शिष्यांनी ते जसेच्या तसे मनात ठेवले. नायकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणारी गोष्ट त्याच्या भक्तांनीच जपली असेल, तर ती रचलेली असण्याचा संभव कमी, हे इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकास मान्य व्हावे.

आता म्हाइंभटांकडे वळू. सराळ्याचे हे विद्वान ब्राह्मण प्रथम वादाच्या भूमिकेने स्वामींकडे आले, असे परंपरा सांगते. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य ऋद्धिपुरात एकान्ती बसून लीळांचे स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात ह्या स्मरणाला लेखनाचे रूप देण्याचे आले. ज्या लीळा त्यांस सांगावयाच्या होत्या त्यांपैकी पुष्कळशा त्यांनी स्वतः पाहिलेल्या नव्हत्या. तेव्हा ज्याने पाहिले त्यालाच विचारावयाचे, असा त्यांनी नेम केला. नागदेवाचार्य, महदाइसा आणि इतर शिष्य-शिष्या, ज्या गावी स्वामी राहिले तेथील माणसे, अशा सर्वांच्या आठवणी त्यांनी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. आचार्यांस जे स्मरत नव्हते तेथे दुसऱ्याची स्मृती घेतली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, छापखाना नाही, कागदही दुर्मीळ, अशा काळी एका माणसाने चरित्रासाठी साक्षी गोळा करीत हिंडावे, ह्याचे आम्हांस सर्वांत अधिक कौतुक वाटते. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी आपल्या प्रतीच्या नावात 'म्हाइंभट-संकलित' असा शब्द योजिला. 'विरचित' असा योजिला नाही. एवढ्या एका शब्दात ग्रंथाचे स्वरूप आले आहे.

ह्या संकलनाचे पुढे काय झाले हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण आहे. देवगिरीवर खिलजींची आक्रमणे झाली, त्या धामधुमीत, जिला पंथात 'खालशाची धाड' म्हणतात तिच्यात, मूळ पोथी नाहीशी झाली. नंतर ज्यांस लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि पुन्हा लिहिल्या गेल्या. हिराइसा ह्या शिष्येची स्मरणशक्ती विलक्षण असल्याची ख्याती आहे. तिच्या स्मरणातून आलेला पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, असे अनेक पाठ निर्माण झाले. कोठे लीळांचा क्रम निराळा, कोठे स्थळ निराळे, कोठे बोललेले वाक्य निराळे.

येथे एखाद्या पंथाने एक पाठ अधिकृत ठरवून बाकीचे जाळून टाकले असते. इतर धर्मांच्या इतिहासात असे घडल्याची उदाहरणे आहेत. महानुभावांनी तसे केले नाही. त्यांच्या पोथ्यांत एकाच लीळेत भिन्न आठवण असेल तर ती नोंदविलेली असते, आणि तिच्यासाठी त्यांचा स्वतःचा पारिभाषिक शब्द आहे: 'वासना'. शब्द ऐकून वाचक दचकेल, परंतु येथे त्याचा अर्थ इच्छा किंवा विकार असा नसून, एखाद्याच्या मनात वसलेला निराळा पाठ असा आहे. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. मागाहून चौकशी करून जे कळले त्याला 'शोध' म्हणावयाचे. श्रद्धेय ग्रंथाच्या मजकुरातच 'ह्याविषयी एकमत नाही' अशी कबुली सांभाळून ठेवणारे हे लोक होते, आणि आपण मात्र चिकित्सक वृत्ती पश्चिमेकडून शिकलो असे समजतो!

ह्याच म्हाइंभटांनी श्रीगोविंदप्रभूंचेही चरित्र संकलित केले. त्यात ऋद्धिपूरचे लोक प्रभूंस वेडे म्हणतात, प्रभू कोणाच्याही घरी शिरतात, हवे ते उचलून खातात, मुलांसारखे हट्ट करतात. भक्ताच्या दृष्टीने ती परमेश्वराची क्रीडा. गावच्या दृष्टीने वेड. म्हाइंभट गावाची दृष्टी पुसून टाकीत नाहीत. दोन्ही दृष्टी एकाच वाक्यात नांदू देतात, आणि निवाडा ऐकणारावर सोडतात. 'स्थानपोथी' नावाचा आणखी एक ग्रंथ आहे. त्यात स्वामी जेथे जेथे गेले त्या जागांची नोंद आहे: देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, आसन कोठे, स्नान कोठे, फार काय, लघुशंकेसाठी कोठे गेले तेही. आपल्या सुशिक्षित चरित्रकाराला हे लिहावयास लाज वाटेल. त्या भक्तांस वाटली नाही, कारण ज्याला परमेश्वर मानले त्याच्या देहाचा कोणताही व्यापार त्यांस क्षुद्र वाटत नव्हता. भक्तीमुळे सत्य झाकले जाते हे आपण नेहमी ऐकतो; भक्तीमुळे सत्याचा तपशील टिकतो, हे ऐकावयास मिळत नाही.

मात्र एक भेद विसरून चालणार नाही. पंथीयास 'लीळाचरित्र' हे चरित्र नव्हेच. लीळांचे स्मरण हे त्याचे साधन आहे. जसे वारकऱ्याला नाम, तशी त्याला लीळा. वाचकाला जी माहिती वाटते ती साधकाला उपासना वाटते. म्हणून एखादी लीळा खरी की प्रक्षिप्त, हा आपल्याला केवळ पाठशुद्धीचा प्रश्न असला तरी त्याच्या नित्यनेमात तो हात घालणे असते. पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून पंथाने त्या सहा शतके मठांत जपल्या त्या काही कोणाला फसविण्यासाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही लिपी उलगडली, वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमांनी आणि काही महंतांच्या औदार्याने हे भांडार उघडे झाले. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे; ह. ना. नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्र' छापावयास घेतले, डॉ. शं. गो. तुळपुळे यांची प्रत १९६४ ते १९६७ ह्या काळात आली. महंतांचे औदार्य हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पोथी देणारास तिचे पुढे काय होईल हे ठाऊक नव्हते.

डॉ. कोलते यांचे स्थान ह्या सर्वांत निराळे. त्यांनी आयुष्य ह्या एका विषयाला वाहिले. 'महानुभाव तत्त्वज्ञान' आणि 'महानुभावांचा आचारधर्म' लिहून झाल्यावर, १९५२ साली त्यांनी 'श्रीचक्रधर चरित्र' प्रसिद्ध केले. १९६७ साली आमच्या मध्य प्रदेशात, भोपाळ येथे, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने त्यांच्याविषयी विशेष आपुलकी बाळगावी असा हा योग. १९७८ साली त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. त्यातील काही लीळांना पंथातील लोकांनी हरकत घेतली, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या माणसाने ह्या पंथाच्या वाङ्मयासाठी सर्वांत अधिक श्रम केले त्याच्यावरच पंथीयांचा रोष व्हावा, ह्यात दैवाचा उपहास दिसतो खरा. परंतु केवळ 'असहिष्णुता' असा शिक्का मारून आपण बाजूस होऊ शकत नाही. हरकत घेणारास विचारा, तो सांगेल: जी लीळा आमच्या पाठात नाही ती तुम्ही कोणत्या अधिकाराने आमच्या परमेश्वराच्या चरित्रात घातलीत? आणि संपादक सांगेल: जी लीळा पोथीत आहे ती मी कोणत्या अधिकाराने गाळू? दोघेही पाठाविषयीच बोलत आहेत. भांडण श्रद्धा आणि नास्तिकता यांच्यातील नाही. ते एका वासनेचे दुसऱ्या वासनेशी आहे. जे मुळात एका पोथीत शेजारी शेजारी नांदत होते, ते छापील पुस्तकात नांदेना. छापखान्याला एकच पाठ हवा असतो, हे ह्यामागचे एक कारण आम्हांस दिसते. पाठभेद तळटिपेत गेले की वरचा मजकूर निर्विवाद सत्याचा आव आणतो.

असा प्रसंग एकट्या मराठीवर आला असे नाही. मॉर्मन पंथाचे प्रवर्तक जोसेफ स्मिथ यांचे चरित्र फॉन ब्रोडी ह्या त्याच पंथात वाढलेल्या विदुषीने १९४५ साली लिहिले. दुसऱ्याच वर्षी तिला पंथातून बाहेर काढण्यात आले. साठ वर्षांनी, २००५ साली, रिचर्ड बुशमन ह्या श्रद्धावान इतिहासकाराने त्याच पुरुषाचे चरित्र लिहिले, आणि अडचणीच्या पुष्कळ गोष्टी न टाळता लिहिले. तो पंथातच राहिला. दोन्ही पुस्तकांत थोडेफार तेच कागदपत्र आहेत. भेद आहे तो आवाजाचा. ब्रोडीबाई नायकाच्या मनात शिरून त्याचे हेतू सांगतात. बुशमन, नायकाने स्वतः आपला अनुभव काय समजला ते सांगतो आणि थांबतो. आम्हांस ब्रोडीबाईंचे धैर्य मोठे वाटते आणि बुशमनची पद्धत अधिक पटते. म्हाइंभटांस ती पद्धत अनोळखी वाटली नसती.

ज्या प्रसंगी ह्या पद्धतीची खरी परीक्षा होते तो म्हणजे श्रीचक्रधरांचा अवतारसमाप्तीचा प्रसंग. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, यादवांचा श्रीकरणाधिप. 'चतुर्वर्गचिंतामणी'सारख्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता, व्रतांचा आणि दानांचा कोशकार. महदाश्रम आणि इतर पंडित. पैठणची सभा. त्या सभेने स्वामींस दोषी ठरवून शासन केले, ही गोष्ट 'लीळाचरित्रा'तच सांगितली आहे. काही पाठांत पुढे शिरच्छेदाचा प्रसंगही येतो. पंथाची श्रद्धा अशी की, स्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि आजही आहेत. वर्षाविषयीही मतभेद आहे. कोणी १२७२ धरतात, कोणी १२७४. मुख्य म्हणजे, विरोधकांचे चित्र आपल्याला मिळते ते अनुयायांच्याच आठवणीतून. हेमाद्रीस काय म्हणावयाचे होते हे हेमाद्रीच्या तोंडून आपण ऐकलेले नाही.

येथे चरित्रकारावर दडपण येते ते केवळ पंथाचे नव्हे. यादवकाळ हा आपल्या अभिमानाचा काळ. रामदेवरावाचे राज्य, 'ज्ञानेश्वरी'ची रचना, हेमाडपंती देवळे, मोडी लिपीच्या दंतकथा. ह्या सोन्याच्या ताटात एका साधुपुरुषाच्या रक्ताचा थेंब आम्हां इतर मराठी वाचकांनाही नको असतो. म्हणून 'उत्तरापंथे गेले' हे वाक्य पंथीय श्रद्धेने उच्चारतो आणि इतिहासकार सुटकेचा निःश्वास टाकून उच्चारतो. दोघांचे शब्द एक, कारणे निराळी. प्रामाणिक चरित्रकाराने ह्या ठिकाणी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: सभा झाली आणि शासन झाले असे कोणत्या पाठांत आहे, वधाचा प्रसंग कोणत्या पाठांत आहे आणि कोणत्यांत नाही, आणि पंथ काय मानतो. ह्या तिन्हींचे एक गुळगुळीत वाक्य करण्याचा मोह आवरला म्हणजे अर्धे काम झाले.

जाता जाता एक गोष्ट. गोदातीराहून उत्तरेस निघालेला यात्रिक नर्मदा ओलांडून माळव्यातूनच जाणार, हे भूगोल सांगतो. तेव्हा इंदूरकराने थोडा जोर केला तर श्रीचक्रधरांच्या शेवटच्या वाटेवर आपल्या गावाचा एखादा मुक्काम सहज बसविता येईल. असे मुक्काम बसविण्याचे उद्योग आपल्या साहित्यात कमी झालेले नाहीत. स्थानिक अभिमान हा श्रद्धेइतकाच आणि पूर्वग्रहाइतकाच चरित्राचा शत्रू आहे. फक्त तो दिसावयास गोड असतो.

आणखी एका प्रवृत्तीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण शाळा-महाविद्यालयांत तीच अधिक फोफावली आहे. गेल्या काही दशकांत श्रीचक्रधरांचे जे चित्र रंगविले जाते ते 'आद्य समाजसुधारका'चे. त्यांनी स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला, विटाळ मानला नाही, जातिभेदाचा अव्हेर केला, लोकभाषेचा पुरस्कार केला. ह्यांतील प्रत्येक गोष्ट 'लीळाचरित्रा'त आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा, अशाने साध्यासुध्या स्त्रिया ह्या ज्ञानास अंतरतील, अशा अर्थाचे बोलून नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, ही आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे. मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने ती सांगावी. परंतु चरित्रकाराने विचारावयास हवे की, स्वामींनी हे का केले? त्यांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ. देवतांच्या उपासनेने मिळणारे फळ नाशवंत, मोक्षदाता परमेश्वर एकच. मग देवतांच्या व्रतांवर उभारलेला सारा आचार निरर्थक ठरतो, आणि त्या आचारातून निघालेला विटाळचांडाळही. हेमाद्रीने आयुष्य वेचून ज्या व्रतांचे कोश रचले त्यांच्या मुळावरच हा घाव होता. विरोध झाला तो ह्यामुळे, अशी आमची समजूत आहे. तत्त्वज्ञान वगळून केवळ सुधारणा सांगितली की विरोधक नुसते दुष्ट दिसू लागतात आणि नायक नुसता सज्जन. वादाला विषयच उरत नाही. शिवाय ज्याने अनुयायांस घरदार सोडून भिक्षेवर राहावयास सांगितले, एका गावी रमू नका असे बजाविले, तो पुरुष समाजाची घडी नीट बसविण्यासाठी धडपडत होता असे म्हणणे म्हणजे त्याला आपल्या सभेच्या खुर्चीवर बळेच बसविणे होय. मंत्र्यांच्या भाषणात हे शोभते. चरित्रात शोभत नाही.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'चक्रपाणि' (१९७७) ह्या ग्रंथात ह्या पंथाच्या उगमापाशी असलेल्या सांस्कृतिक प्रवाहांचा जो मागोवा घेतला, तो ह्या दृष्टीने मार्गदर्शक आहे. नायकाला त्याच्या काळात उभे करावयाचे, आपल्या काळात ओढून आणावयाचे नाही. अमेरिकेतील डॉ. अॅन फेल्डहाउस यांनी श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे आणि पुढे 'लीळाचरित्रा'चे इंग्रजी भाषांतर केले. त्यांनाही अनेकदा पुण्या-नागपूरच्या पंडितांइतकेच मठातील वृद्ध महंतांकडे जावे लागले असेल. जाणते पंथीय आणि बाहेरचा अभ्यासक एका पोथीवर वाकून बसले म्हणजेच ही वाङ्मयसेवा पुढे सरकते. आजवरचा अनुभव हाच आहे.

श्रीचक्रधरांचे नवे मराठी चरित्र लिहिले जावे अशी आमची इच्छा आहे, आणि ते एका सलग, ओघवत्या कथेच्या रूपाने लिहिले जाऊ नये अशीही आहे. कादंबरीसारखे चरित्र वाचावयास सुखद असते. परंतु ज्याच्या आयुष्याची साधने मुळातच अनेक मुखांतून आली, त्याच्या चरित्रात ती मुखे दिसली पाहिजेत. येथे बाइसा बोलतात, येथे महदाइसा, येथे हिराइसेचे स्मरण, येथे स्वामींचे स्वतःचे कथन, आणि येथे कोणीच साक्षी नाही, हे वाचकास क्षणोक्षणी कळावे. शिष्याशिष्यांतील रुसवेफुगवे, स्वामींचे थट्टा करणे आणि रागावणे, हेही त्यात यावे. पोथीत ते आहे. हरकतीच्या लीळा गाळू नयेत, आणि मिटक्या मारीतही सांगू नयेत.

तोपर्यंत शाळांसाठी एक लहानसे काम होण्यासारखे आहे. 'लीळाचरित्रा'तील आठ-दहा लीळा निवडाव्यात, ज्यांच्या दोन किंवा तीन वासना उपलब्ध आहेत अशा. यादवकालीन वाक्ये आखूड असतात; आमच्या इंदुरातील हिंदीमिश्रित मराठी बोलणाऱ्या मुलांसही थोड्या शब्दार्थांच्या साहाय्याने ती कळतात, असा आमचा वर्गातील अनुभव आहे. प्रत्येक लीळेबरोबर तिच्या वासना छापाव्यात, कोणाच्या स्मरणातून कोणती आली ते द्यावे, आणि त्या मूळ मजकुराच्याच टाईपात छापाव्यात. तळटिपेत घालू नयेत.